सिव्हिलच्या एका सीटसाठी कौल

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा समस्त जनतेला, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अभियांत्रिकी पदवीच्या प्रवेशासाठी आपल्या राज्यात गुणवत्तेची एक ठाम आणि कोणालाही वाकवता न येणारी अट आहे. प्रवेश परीक्षेत उमेदवाराला शून्य गुण मिळालेले चालणार नाहीत. कृपया सर्वांनी जागेवर उभे राहावे.

शून्य नाही म्हणजे नाही. त्याच्या वर काहीही चालेल. बारावीला थोडे टक्के लागतात, पण बारावीच्या प्रॅक्टिकलला जे मास्तर मार्क देतात ती सगळी मुलाबाळांची माणसं असतात, त्यामुळे ते टक्के आपोआप जमतात. खरी चाळणी म्हणजे ही शून्याची. मी रत्नागिरीबाहेर सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, एका खासगी इंजिनियरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. ही अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपला विषय निवडल्याचं समाधान वाटलं. शून्य आणि शून्य नसलेलं यातला फरक ओळखायला शेवटी गणितच लागतं.

आता चाळणी एवढी कडक असली की वर्ग कसे भरणार? म्हणून दर पावसाळ्यात आमच्या कॉलेजात एक प्रथा पाळली जाते. या दिवसांत गावोगावचे लोक बॅटरी घेऊन खेकडे पकडायला बाहेर पडतात आणि आम्ही विद्यार्थी पकडायला. प्रत्येक प्राध्यापकाला एक तालुका नेमून दिलेला असतो. केमिस्ट्रीच्या मॅडम मीटिंगमध्ये प्राचार्यांना उलटं बोलल्या, त्यांना सगळ्यांत लांबचं मंडणगड मिळालं. वर्कशॉपचे साहेब मासेखाऊ, ते स्वतःहून दापोलीकडचा किनारा मागून घेत. बुरोंडीहून ते दरवर्षी एक विद्यार्थी आणि एक पिशवीभर सुरमई आणत. विद्यार्थ्याने पुढे कायम निराशा केली, सुरमईने एकदाही नाही. माझ्याकडे संगमेश्वर. आणि प्राचार्यांचा हुकूम असा की, विद्यार्थ्याच्या घरी जाताना टाय लावायचा. ऑगस्टच्या दमट हवेत, चिखलातून, एप्रिलपासून न झालेल्या पगारावर, टाय. चार वर्षांच्या शिक्षणात आपल्या मुलाचं काय होणार आहे याची कल्पना पालकांना आमच्याकडे बघून यावी, असा त्यामागचा हेतू असावा.

त्या वर्षी माझ्या गाडीत सिव्हिलचा एक तरुण लेक्चरर होता. सोलापूरकडचा, वय तिशीच्या अलीकडचं, स्वभाव इतका सरळ की त्याच्याशी खोटं बोलताना मलासुद्धा मजा येईना. त्याच्या शाखेची अवस्था वाईट होती. सगळ्यांना कॉम्प्युटर हवं होतं. सिव्हिलकडे कोणी फिरकत नव्हतं. संस्थेच्या अध्यक्षांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की सिव्हिलला अजून एक प्रवेश आला तर शाखा चालू ठेवू, नाही आला तर शाखा बंद आणि तुम्ही मोकळे. एकच. दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलेलं होतं आणि मुलीकडच्यांना स्थळ प्राध्यापकाचं आहे असं सांगितलेलं होतं.

"सर, आज मिळेल ना?" हातखंब्याच्या नाक्यापर्यंत त्याने मला हे तीनदा विचारलं.

"का नाही मिळणार," मी म्हटलं. "पोरगं शून्याच्या वर आहे."

हायवेच्या खड्ड्यांतून आम्ही संगमेश्वरच्या अलीकडे आत वळलो. ज्या घरी जायचं होतं ते चिरेखाणवाल्याचं घर. जांभ्या दगडाचे चिरे काढायचे, विकायचे, आणि त्याच चिऱ्यांनी मुंबईकरांचे बंगले बांधून द्यायचे, असा त्या घराचा धंदा. पावसात खाणीत पाणी भरतं, काम बंद असतं, त्यामुळे घरातली सगळी माणसं पडवीत बसून होती. आम्ही उतरलो तसे सगळे आमच्या टायकडे बघायला लागले. टायकडे बघून झाल्यावर आमच्या तोंडाकडे बघितलं. एखाद्या घरी मुलगी बघायला जावं आणि आपणच मुलगी आहोत असं कळावं, तसं झालं.

घरात कारभार आजीचा होता. मधे खुर्चीत ती बसलेली. बाजूला तिचा मुलगा, म्हणजे खाणवाला, अंगाने दणकट आणि बोलायला कमी. त्याची बायको दाराच्या चौकटीत. आणि झोपाळ्यावर उमेदवार. अठरा वर्षांचा, गुटगुटीत, चेहऱ्यावर अशी शांतता की मला क्षणभर हेवा वाटला.

"बसा," आजी म्हणाली. "कॉलेज तुमचा स्वतःचा काय?"

"नाही आजी, आम्ही शिकवतो तिथे," लेक्चरर म्हणाला.

"मंग तुमाला काय मिळतो पोरगा नेऊन?"

लेक्चरर माझ्याकडे बघायला लागला. मी पुढे झालो. मला अशा प्रसंगी पुढे व्हायला फार आवडतं. "समाधान मिळतं आजी," मी म्हटलं. "एका घरातून एक इंजिनियर निघाला की आम्हाला रात्री चांगली झोप लागते."

"तुमच्याकडे बघून वाटत नाय झोप लागत आसंल," ती लेक्चररला म्हणाली.

चहा आला. लेक्चररने पिशवीतून माहितीपत्रकं काढून वाटली. त्यात पहिल्या पानावर आमची इमारत होती, ड्रोनने काढलेली, म्हणजे गळती दिसू नये इतक्या उंचावरून. आजीने पत्रक हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि चहाचा कप त्यावर ठेवला.

आता तयारी चाचणीची वेळ झाली. हे आमचं आणखी एक भूषण. विद्यार्थी इंजिनियरिंगसाठी तयार आहे का हे बघायला गणिताची एक छोटी चाचणी घ्यायची, असा कॉलेजचा नियम आहे. प्रश्न मी काढतो. या चाचणीत आजवर कोणी नापास झालेलं नाही, कारण नापास झालेला विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजला जातो. पण घरी जाऊन, आख्ख्या कुटुंबासमोर ती घेण्यात जी गंमत आहे ती वर्गात नाही.

"बाळा," मी म्हटलं, "प्रवेश परीक्षा कशी गेली होती?"

"लय थंडी होती सर तिथं. एसी लावल्याला. मी सगळीकडं दुसरा पर्याय दाबला नि बसून ऱ्हायलो. आधी उठायला देत नव्हते."

"प्रश्न वाचले नाहीस?"

"पयले दोन वाचले."

"आणि?"

"मंग दुसरा पर्याय दाबला."

बाप समाधानाने हसला. पोराने कठीण प्रसंगात डोकं शांत ठेवलं होतं. मी घसा साफ केला. "पाच मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे. तिचा पाय भिंतीपासून तीन मीटरवर आहे. तर शिडी भिंतीला किती उंचीवर टेकली असेल?"

उमेदवाराने डोळे मिटले. झोपाळा थांबवला. मग विचारलं, "खाली शिडी धरायला माणूस हाय काय?"

"ते प्रश्नात नाही."

"मंग मी चढणार नाय."

"हुशार हाय माझा," आजी म्हणाली. घरात सगळ्यांनी माना हलवल्या. लेक्चररनेही हलवली, बिचाऱ्याला शाखा वाचवायची होती.

मी सोपं करून दिलं. एक्सचा वर्ग उणे चार बरोबर शून्य, तर एक्स किती? पोराने बऱ्याच वेळाने सांगितलं, दोन. मी म्हटलं, अगदी बरोबर, आणखी एक उत्तर आहे. तर तो म्हणाला, "आणखी कशाला? एक गावला ना." हे मी आयुष्यात ऐकलेलं गणिताबद्दलचं सर्वांत निरोगी मत आहे, पण त्यावर पदवी मिळत नाही. म्हणजे मिळते, पण आठ-नऊ वर्षांनी.

मग त्याने आपणहून सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "सर, मला गणित येत नाय."

मी लेक्चररकडे बघितलं. आता हा काय म्हणतो याची मला भयंकर उत्सुकता होती. त्याने दोनदा थुंकी गिळली. त्याच्या जागी मी असतो तर आमच्याकडे जादा तास असतात, वातावरण चांगलं आहे, कॅन्टीन आहे, असं काहीतरी ठोकून दिलं असतं. तो म्हणाला, "मग तुला पहिलं वर्ष फार जड जाईल रे. दुसऱ्या वर्षी स्ट्रक्चरला तर अजून."

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने मला 'सॉरी सर' म्हटलं.

"तयारी करून घेऊ," मी घाईने म्हटलं. "त्याचं नावच आमच्याकडे ब्रिज कोर्स आहे. पोरगं या काठावर, इंजिनियरिंग त्या काठावर, मधे आम्ही पूल बांधतो."

"पूल पडला तर?" बापाने विचारलं. दुपारभरातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

लेक्चरर हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेला. मला वाटलं रडायला गेला असेल. मी सोयीने उठून मागोमाग गेलो, कारण तसं काही असेल तर ते बघायला कोणी हवं. तो रडत नव्हता. तो भिंतीसमोर उभा होता.

घराच्या मागे डोंगर कापून स्वयंपाकघर वाढवलं होतं आणि डोंगर अंगावर येऊ नये म्हणून खाणवाल्याने चिऱ्याची उंच भिंत बांधली होती. स्वतःच्या खाणीच्या चिऱ्यांची, त्या उन्हाळ्यातच. लेक्चरर त्या भिंतीवरून तळहात फिरवत होता. त्याने टाय खांद्यावरून मागे टाकला होता. मग खाली वाकला, एक डोळा मिटून भिंतीच्या कडेने बघितलं आणि आत जाऊन खाणवाल्याला सरळ विचारलं, "मागची भिंत कोणी बांधली?"

"मी," खाणवाला म्हणाला.

"ती मधे फुगली आहे. मागे पाणी साठलंय. पाणी जायला भोकंच ठेवली नाहीत तुम्ही."

मला वाटलं आता आम्हाला टायसकट बाहेर काढतील. ज्याच्या घरी पोरगा मागायला आलो त्याच्याच भिंतीला नाव ठेवून हा मोकळा झाला. माझ्या आयुष्यातला हा एक अत्यंत आनंदाचा क्षण होता.

"घराण्यात तीन पिढ्या चिरा हाय आमच्या," खाणवाला हळू आवाजात म्हणाला.

"चिरा चांगलाच आहे हो," लेक्चरर म्हणाला. "चिऱ्याचा दोष नाही. पण डोंगराचं पाणी भिंतीच्या मागे अडलं की ते भिंतीला ढकलतं. आधी स्वयंपाकघरातली माणसं बाहेर घ्या. ड्रिल मशीन आहे का?"

आजी खुर्चीतून उठली. तिने सुनेला बाहेर घेतलं. खाणीवर कामाला असलेला एक माणूस ड्रिल घेऊन आला. लेक्चररने भिंतीच्या अगदी खालच्या थरात, दोन चिऱ्यांच्या सांध्यावर खुणा करून दिल्या. आधी कडेला, मग मधे, घाई नको, बाजूला उभा राहा. पहिल्याच भोकातून लाल गढूळ पाणी असं उडालं की ड्रिलवाल्याच्या छातीवर बसलं. दुसऱ्यातून तसंच. मग सगळ्या भोकांतून पाणी धो धो यायला लागलं आणि सगळं घर चिखलात उभं राहून ते बघत बसलं. वर डोंगरात चर कुठून कुठे मारायचा हेही त्याने सांगितलं. हे सगळं सांगताना तो एकदाही थुंकी गिळत नव्हता.

खाणवाल्याने एका भोकाखाली हात धरून पाण्याचा जोर बघितला. शेवटी म्हणाला, "कॉलेज ठीक आसंल मंग."

लेक्चररचा चेहरा उजळला. आमच्या बाजूने बोलणी झाल्यात जमा होती. पण आजीने हात वर केला. "आमच्यात कौल लावल्याशिवाय विहीर पण खणत नायत," ती म्हणाली. "पोरगा चार वर्सं घराबाहेर घालायचा, तो असाच? देवाला विचारूया."

देऊळ घरापासून जवळच होतं. आमच्याकडे कौल कसा लावतात ते बाहेरच्यांसाठी सांगतो. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो. मग देवाला प्रश्न विचारून सगळ्यांनी वाट बघायची. उजवीकडची कळी आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. संबंध प्रवेशप्रक्रियेत इतका पारदर्शक टप्पा मी दुसरा पाहिलेला नाही.

गुरव म्हातारा, बारीक, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने विचारलं, "काय विचारायचा? कॉलेज का लाइन?"

"लाइन," लेक्चरर घाईने म्हणाला. "सिव्हिल. सिव्हिलच विचारा." कॉलेजला होकार मिळून पोरगा कॉम्प्युटरला गेला असता तर प्राचार्य खूश झाले असते आणि तो मात्र रस्त्यावर आला असता.

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा, राजा म्हाराजा, गावच्या राखणदारा. आज ह्या घरचा तुझा लेकरू शिक्षणासाठी तुझ्या पायाशी उभा हाय म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्ये दोन परगावचे मास्तर गळ्यात पट्टे घालून त्येला न्यायला आले हायत म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"त्येला सिव्हिल लाइनीला घालायचा म्हणतायत. घालावा तर उजवा कौल दे, नको तर डावा दे, नि कोणाच्या मनात काय वाकडा आसंल तर तो सरळ कर म्हाराजा."

"होय म्हाराजा." यात सगळ्यांत मोठा आवाज लेक्चररचा होता, तोही सोलापूरच्या हेलात. बाहेर बसलेली कुत्री उठून उभी राहिली.

मग थांबलो. कळ्या ओल्या होत्या, हलेनात. लेक्चरर उजवीकडच्या कळीकडे असा बघत होता की आपलं लग्न, आपला पगार, आपली शाखा, सगळं त्या कळीला लटकलंय. उमेदवार त्याच्या शेजारी उभा राहून मोबाइलवर काहीतरी बघत होता. आणि डावीकडची कळी अलगद सुटून खाली पडली.

"डावा," गुरव म्हणाला.

"वाऱ्याने पडली असेल," लेक्चरर म्हणाला.

"गाभाऱ्यात वारा कुठला मास्तर?"

"परत विचारता येत नाही का? आमच्याकडे प्रवेशाला चार राउंड असतात."

"देवाकडं राउंड नसतात," गुरव म्हणाला. "दुसरा काय विचारायचा आसंल तर इचारा."

इथे माझ्यातला कॉलेजनिष्ठ सेवक जागा झाला. सीट कुठलीही असो, माझ्या तालुक्यातून एक जायला हवा होता. मी म्हटलं, "कॉम्प्युटर विचारा." लेक्चररने मान वळवून माझ्याकडे जे बघितलं ते मी पुष्कळ दिवस मित्रमंडळींना नक्कल करून दाखवत होतो. गुरवाने नव्या कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. या वेळी लेक्चरर 'होय म्हाराजा' म्हणाला नाही. त्याची गरजही पडली नाही. डावी पडली.

आता आजी पुढे झाली. तिने स्वतः विचारलं, "घरच्या धंद्यातच ठेवावा काय?" गुरवाचा हात बाजूला व्हायच्या आत उजवी कळी खाली आली. पोराने मोबाइल खिशात ठेवला आणि देवाला नमस्कार केला. दिवसभरात त्याने मन लावून केलेलं हे एकच काम.

बाहेर पायरीवर चपला घालताना मी गुरवाला विचारलं, "देव इंजिनियरिंगच्या इतका विरुद्ध का हो?"

"माझे दोन्ही मुलगे इंजिनियर हायत," गुरव म्हणाला. "एक पुण्याला घरोघरी जेवणाचे डबे पोचवतो, दुसरा घरी बसून अजून कसली तरी तयारी करतो. देवाचा नैवेद्य आमच्याच घरातून येतो. त्येला सगळा दिसतो."

आम्ही निघायचं म्हणत होतो, पण आजीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. पडवीतच पानं मांडली. भात, भाकरी, कुळथाचं पिठलं, तळलेली सांडगी मिरची. लेक्चररने टाय काढून घडी करून मांडीखाली ठेवला होता. तो भात कालवत होता आणि खात नव्हता. मागून भिंतीच्या भोकांतून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"जेव रे," आजी म्हणाली. "पोरगा नाय मिळाला म्हणून एवढा काय झाला?"

तो भातच कालवत राहिला. म्हणून मी सांगितलं. मी असं काही सांगायला लागलो की सगळं सांगतो. एक प्रवेश हवा होता, हाच हवा होता, आता सिव्हिल बंद होणार, हा मोकळा होणार, दिवाळीनंतर लग्न आहे, सासऱ्याला प्राध्यापक हवा आहे. सासऱ्याचा आवाजही काढून दाखवला, जरी मी त्या गृहस्थाला कधी भेटलो नव्हतो. खाणवाल्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. लेक्चररही कसनुसं हसला. दुसऱ्याच्या घरी जेवताना आणखी काय करणार?

आजी हसली नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती. त्याच्या नखांत अजून जांभ्याची लाल माती होती.

"तू किती वर्सं शिकलास?" तिने विचारलं.

"बारावीनंतर सहा."

"सहा वर्सं शिकून भोक पाडायला आला," ती आपल्या मुलाकडे वळून म्हणाली. "आपला चार वर्सं जायचा. मंग तो पाडणार भोक. ते पण पास झाला तर."

खाणवाल्याने पिठल्यात भाकरी बुडवली. "होय," तो म्हणाला.

"गणपती झाले की बंगल्याची तीन कामं हायत तुझ्याकडं. एका मुंबईवाल्यानं तुला भिंत पडंल म्हणून दोनदा फोन केलान."

"होय."

"मंग बोल की. माझ्याकडं काय बघतंस?"

खाणवाला मान खाली घालून एकच घास चावत राहिला. तीन पिढ्यांचा चिरा त्याच्या घशात अडकला असावा. मग लेक्चररला म्हणाला, "मास्तर, येनार काय आमच्याकडं? साइटवर. भिंती, पाया, काय ते बघायचा. वरची खोली हाय, तिथं ऱ्हावा. लगीन झाल्यावर मंग बघू."

"त्येला पण कौल लावायचा काय?" पोराने विचारलं.

"ह्येला कशाला कौल?" आजी म्हणाली. "कौल आपल्या माणसाला लावतात."

मी हसू आवरत लेक्चररकडे बघितलं. आता हा अपमानाने उठतो की नाही हे बघायचं होतं. दोन पदव्या, प्राध्यापक म्हणून ठरलेलं लग्न, आणि समोर चिरेखाणीवरची नोकरी, तीही ज्या पोराला विद्यार्थी म्हणून न्यायला आला त्याच्या हाताखाली जायची शक्यता असलेली. पोरगा झोपाळ्यावरून आपल्या भावी नोकराकडे अतिशय प्रेमाने बघत होता. मी मनातल्या मनात प्राचार्यांना हा प्रसंग कसा सांगायचा याची सुरुवातसुद्धा ठरवली होती.

लेक्चरर उठला नाही. त्याने भाताचा घास उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"पगाराचा आपण बसून ठरवू," खाणवाला म्हणाला. "पण मिळंल तो महिन्याच्या महिन्याला. पावसात खाण बंद आसते तेव्हा पण."

आणि आमच्या कॉलेजचा तो प्राध्यापक, घास हातात धरून, सगळ्या घरासमोर बोलून गेला, "दर महिन्याला?"